जुनी लेन्स, फिल्मचा रोल आणि बालाघाटचे ऊन

जुन्या लेन्स आणि फिल्मचे कॅमेरे पुन्हा वापरात आणण्याच्या छंदाची दोन रूपे आहेत. पहिल्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, हाताने फोकस करायची लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवतात. दुसऱ्यात कॅमेराही जुनाच असतो; त्यात रोल भरायचा, मोजके फोटो काढायचे आणि जमल्यास रोल घरीच धुवायचा. दोन्हींत यंत्राकडे गेलेली कामे माणसाच्या हाती परत येतात: फोकस, छिद्राचा आकार, प्रकाशाचा अंदाज. त्यांच्याबरोबर जुन्या काचेचे दोषही येतात आणि छंदाचा खरा रस या दोषांतच आहे. कोणता दोष कशामुळे येतो हे कळले की तो हवा तेव्हा आणता येतो आणि नको तेव्हा टाळता येतो. कारण न कळता नुसता ‘जुना लूक’ हवा असेल, तर मोबाइलमधला फिल्टर स्वस्त पडतो.

धाराशिव जिल्ह्यात हा छंद करायला सोय चांगली आहे. बालाघाटच्या पठारावरची कोरडी हवा लेन्सला मानवते. पावसाळा सोडला तर ऊन भरवशाचे असते. विषयांचीही वाण नाही: नळदुर्गचा किल्ला, परंड्याचा भुईकोट, तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर, तुळजापूरचे नवरात्र, येडशीजवळचे रामलिंगचे रान. उन्हाळ्याचा ताप आणि पाण्याची टंचाई या दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. रोल घरी धुणाऱ्याला त्या दोन्हींवर तोड काढावी लागते, आणि ती निघते.

महाराष्ट्रात कॅमेऱ्याशी प्रयोग करण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते. त्या वेळी फोटो काढणे म्हणजे काचेवर रसायन पसरून ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालणे. दख्खनच्या उन्हाळ्यात हे किती कठीण असेल याची कल्पना करता येते. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांनी ज्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले, त्या राजा दीनदयाळ यांची सुरुवात छंदातूनच झाली होती. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करताना १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे निझामाच्या राज्यातल्या वास्तूंचे त्यांनी काढलेले फोटो आजही अभ्यासकांच्या कामी येतात.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता, पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतात, तेच हे काम. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो १९१८ मध्ये पुरा केला आणि त्यातून ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. यंत्र उघडून आत काय आहे ते पाहायचे आणि नसेल ते स्वतः बनवायचे, हा स्वभाव आजच्या छंदातही लागतोच.

सर्वसामान्य घरांत कॅमेरा पोचला तो नंतर. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेले आगफा क्लिक थ्री आणि आगफा आयसोली हे कॅमेरे अनेक मध्यमवर्गीय घरांत होते. स्टुडिओवाल्यांकडे अलप्पुळा येथे बनणारा वागीश्वरी हा सागवानी लाकडाचा, भात्याचा कॅमेरा असे; के. करुणाकरन यांनी त्याचे उत्पादन १९४६ मध्ये सुरू केले होते. रशियन झेनिट, जपानी याशिका आणि पेंटॅक्स हे हौशी लोकांचे कॅमेरे. कृष्णधवल फिल्मसाठी उटकमंडला सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला आणि त्याची ‘इंदू’ फिल्म देशभर गेली. डिजिटल कॅमेरे आल्यावर हे सगळे माळ्यावर आणि कपाटांत गेले. म्हणूनच नव्याने छंद सुरू करणाऱ्याने बाजारात जाण्याआधी नातेवाइकांच्या घरी आणि गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी करावी. तिथे मिळालेल्या कॅमेऱ्याबरोबर तो वापरलेला माणूसही भेटतो आणि त्याच्याकडून मिळणारी माहिती कोणत्याही पुस्तकात नसते. बाजारच धुंडाळायचा तर मुंबईचा चोरबाजार आहे, आणि पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजारही.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसेल की नाही हे एका अंतरावर ठरते. लेन्स जिथे टेकते त्या धातूच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून घेतलेले असते. झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सची लेन्स आट्यांनी फिरवून बसते. आट्यांचा व्यास ४२ मिलिमीटर असतो, म्हणून त्या माउंटला एम ४२ म्हणतात. त्याचे हे अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे. सोनीच्या आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यात ते फक्त १८ मिलिमीटर असते. उरलेले २७.४६ मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. तिच्यात काच नसते, त्यामुळे ती स्वस्त मिळते आणि चित्राच्या प्रतीत काही फरक पाडत नाही. फुजी, कॅनन आणि निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांतही असेच अंतर शिल्लक राहते. म्हणून मिररलेस कॅमेरे आल्यावर जुन्या लेन्सचे भाग्य उजळले.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडून स्वस्तात मिळणारे जुने डीएसएलआर घेताना मात्र गणित आधी तपासावे. कॅननच्या डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर असते. तिथे दीड मिलिमीटरचे पातळ कडे लावून एम ४२ लेन्स बसते. निकॉनमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, म्हणजे लेन्सच्या गरजेपेक्षा जास्त. अशा कॅमेऱ्यावर लेन्स बसली तरी दूरच्या डोंगरावर फोकस होत नाही. त्यासाठी काच असलेला अडॅप्टर मिळतो, पण तो चित्र मऊ करतो. निकॉनवाल्याने निकॉनच्याच जुन्या लेन्स शोधाव्यात, हा सरळ मार्ग.

लेन्स बसल्यावर कॅमेऱ्याच्या मेन्यूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावे लागते, कारण यंत्राला लेन्स ओळखता येत नाही. सेन्सर हलवून थरथर रोखणारा कॅमेरा असेल तर लेन्सची फोकल लांबी हाताने भरावी. फोकस जुळलेल्या कडा रंगीत रेघांनी दाखवण्याची सोय बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत असते. अगदी अचूक काम हवे तर चित्र मोठे करून पाहावे. लेन्सची आणि छिद्राची नोंद फाइलमध्ये होत नाही, म्हणून खिशात छोटी वही हवी.

या छंदात सर्वांत जास्त हाताळली जाणारी लेन्स म्हणजे झेनिटबरोबर येणारी हेलिओस ४४. फोकल लांबी ५८ मिलिमीटर, सर्वांत मोठे छिद्र एफ २. जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सवरून तिची रचना सोव्हिएत रशियात घेतली गेली. ती लाखोंच्या संख्येने बनली, म्हणून अजून आवाक्यात आहे. तिची ख्याती मागच्या दृश्याच्या भोवऱ्यामुळे. माणूस मध्ये स्पष्ट दिसतो आणि मागची पाने त्याच्याभोवती गोल फिरल्यासारखी वाटतात. याची कारणे दोन. चित्राच्या कडेला येणारे तिरपे किरण लेन्सच्या नळीच्या काठाने अडतात आणि प्रकाशाचा गोल ठिपका तिथे बदामाच्या आकाराचा होतो. शिवाय कडेला लेन्सचा फोकस सपाट पातळीत न राहता वाकतो, त्यामुळे ते बदाम केंद्राभोवती फेर धरल्यासारखे ताणले जातात.

कारण कळले की कृती आपोआप ठरते. छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे एफ २. माणूस दीड-दोन मीटरवर. मागे सात-आठ मीटरवर बारीक पानांचे झाड, ज्यातून आभाळाचे कवडसे येतात. बाभूळ आणि लिंब यासाठी उत्तम. येडशीच्या रानात अशी पार्श्वभूमी भरपूर सापडते. छिद्र एफ ४ पर्यंत लहान केले की भोवरा जवळजवळ विरतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात चित्राच्या कडा कापल्या जातात आणि भोवरा तर कडेलाच असतो, म्हणून तिथे तो फिका पडतो. हेलिओस ४४-२ मध्ये छिद्राची दोन कडी असतात: एकाने मर्यादा ठरवायची, दुसऱ्याने छिद्र उघडायचे किंवा त्या मर्यादेपर्यंत बंद करायचे. उघड्या छिद्राने फोकस करून, नजर न हलवता दुसरे कडे फिरवायचे. हाताला याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

दुसरा मोठा गुण म्हणजे चमक. हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून बाहेर पडताना प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ५ टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओससारख्या सहा भिंगांच्या, चार गटांत मांडलेल्या लेन्समध्ये असे आठ पृष्ठभाग असतात. त्यांवर लेप नसता तर जवळपास एक तृतीयांश प्रकाश सेन्सरपर्यंत नीट पोचलाच नसता; त्यातला काही आत इकडेतिकडे आपटून चित्रावर धुके पसरवत राहिला असता. हे परावर्तन कमी करणारा पातळ लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. पेंटॅक्सने १९७१ मध्ये अनेक थरांचा लेप बाजारात आणला. म्हणून लेन्स जितकी जुनी, तितकी उजेडासमोर ती विरघळते. नव्या लेन्समध्ये हा दोष जवळपास संपला आहे आणि तेच पुष्कळांना खटकते, कारण उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो डोळ्याला जाणवतो तसा दिसत नाही.

तुळजापुरात नवरात्रात रात्री देवीच्या आराधी, म्हणजे उपासक, बायका पोत (मशाल) पाजळून निघतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, चेहऱ्यावर ज्योतीचा नारिंगी उजेड, मागे काळोख. नवी लेन्स इथे प्रत्येक कवडी स्वच्छ दाखवील. एकाच थराच्या लेपाची जुनी लेन्स ज्योतीभोवती उबदार वलय धरते आणि काळोखात थोडा प्रकाश सांडते, त्यामुळे सावलीतले चेहरेही किंचित उजळतात. अशा प्रसंगी जुनी लेन्स वापरण्यात कलात्मक कारण आहे. दुपारच्या उन्हात तीच लेन्स फिकट, निर्जीव चित्र देते. तेव्हा लेन्सवर हूड लावावे, नसेल तर हाताची सावली धरावी.

प्रयोगाला आणखी वाव आहे. तीन भिंगांच्या साध्या लेन्स, उदाहरणार्थ मायर कंपनीची ट्रायोप्लान, मागच्या दिव्यांचे कडेला उजळ असे बुडबुडे करतात. ट्रायोप्लान आता महाग झाली आहे. पण जुन्या स्लाइड प्रोजेक्टरच्या तीन भिंगांच्या लेन्समधून तोच परिणाम मिळतो आणि ती भंगाराच्या भावात सापडू शकते. मराठवाड्यात गावोगाव फिरलेल्या तंबूतल्या टॉकीजच्या प्रोजेक्टरची लेन्सही कॅमेऱ्यावर चढते. या लेन्सना छिद्र लहान-मोठे करण्याची सोय नसते आणि फोकसचे कडेही नसते, म्हणून पुढेमागे सरकणारा अडॅप्टर लागतो. मोडक्या क्लिक थ्रीचे साधे भिंग काढून पुठ्ठ्याच्या नळीत बसवले तर मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट आणि कडेला विरत जाणारे चित्र मिळते. ५० मिलिमीटरची कोणतीही लेन्स उलटी बसवली की मुंगी आणि ज्वारीचे फूल मोठे दिसते.

जुनी लेन्स घेताना टॉर्च जवळ हवा. लेन्सच्या मागून उजेड टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती ओलाव्यावर वाढते आणि तिच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खाल्ला जातो. दोन-चार धूलिकण निरुपद्रवी असतात. पुसल्यासारखे धुरकट पडद्यासारखे काही दिसले तर भाव पाडावा किंवा लेन्स सोडून द्यावी. छिद्राच्या पात्यांवर तेल पसरलेले नसावे. कोकणात किंवा मुंबईत लेन्स ठेवणे हा बुरशीशी कायमचा झगडा आहे. धाराशिवच्या हवेत ती अडचण कमी, तरी जुलै ते सप्टेंबर सावध राहावे लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटे आर्द्रतामापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी. मूळ चामड्याची पेटी दिसायला देखणी असते, पण चामडे ओल धरते. लेन्स त्यात साठवू नये.

पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ सारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेले असते. त्याच्या मंद किरणोत्सारामुळे काच वर्षानुवर्षांत चहासारखी पिवळी पडते. अतिनील किरणांनी हा पिवळेपणा जातो, आणि ते बालाघाटच्या उन्हात फुकट मिळतात: काही दिवस, कधी काही आठवडे लेन्स खिडकीच्या उन्हात ठेवली की काच निवळते. लेन्सच्या मागच्या बाजूला अॅल्युमिनियमचा कागद लावावाच, नाहीतर एकवटलेल्या किरणांनी लाकूड किंवा कापड पेटू शकते. नेहमीच्या वापरात हा किरणोत्सार चिंतेचा नाही. अशी काच फोडू किंवा घासू मात्र नये.

फिल्मकडे वळल्यावर पहिला प्रश्न येतो तो ती मिळते का हा. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बंद केली आणि २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्म संपली असेच वाटले होते. तसे झाले नाही. इंग्लंडच्या हार्मन कंपनीने २०२३ मध्ये फिनिक्स ही नवी रंगीत फिल्म काढली आणि पेंटॅक्सने जून २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. भारतात फिल्म मोठ्या शहरांतल्या दुकानांतून आणि टपालाने मिळते, पण महाग. मे महिन्यात पार्सल उन्हात पडून राहिले तर रंगीत फिल्मचे रंग बिघडतात, म्हणून हिवाळ्यात मागवून फ्रिजमध्ये ठेवणे शहाणपणाचे. वापरण्यापूर्वी डबी न उघडता काही तास बाहेर ठेवावी, म्हणजे फिल्मवर दव धरत नाही. मुदत संपलेल्या रंगीत फिल्मला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा, असा साधारण ठोकताळा आहे.

जुन्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बहुधा बंद असतो. काहींना पाऱ्याची बॅटरी लागते आणि ती आता बनत नाही. त्यावर उत्तर म्हणजे ‘सनी सिक्स्टीन’ हा जुना नियम: स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका, म्हणजे तिच्या प्रकाशसंवेदनतेच्या आकड्याइतका. १०० च्या फिल्मला एक सेकंदाचा १२५ वा भाग. विरळ ढग आले की एफ ११, ढगाळ हवेत एफ ८, दाट ढगांत किंवा उघड्या सावलीत एफ ५.६. डोळ्यांनी ऊन वाचण्याची ही सवय एकदा लागली की प्रकाशमापकाची आठवण राहत नाही. झेनिट ई चा सर्वांत जलद शटर ५०० वा भाग आहे, म्हणजे ४०० च्या फिल्मला भर उन्हात छिद्र मोठे करायला जागाच उरत नाही. क्लिक थ्रीचे शटर त्याहून पुष्कळ मंद; त्यात १०० पेक्षा वेगवान फिल्म दुपारी भरू नये. हा कॅमेरा १२० चा रोल घेतो आणि त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात.

नळदुर्ग ही या सगळ्याची उत्तम शाळा आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा हा किल्ला बोरी नदीला कवेत घेऊन उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतला महाल कोरडा राहतो. छायाचित्रकाराची कसोटी तिथल्या काळ्या दगडात आहे. प्रकाशमापक समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे धरून चालतो. काळ्या बेसाल्टच्या भिंतीकडे धरला तर तो जास्त प्रकाश मागतो. डिजिटल कॅमेऱ्यात भिंत राखाडी होते आणि कोसळणारे पाणी नुसते पांढरे, तपशील नसलेले उमटते. तिथे एक ते दीड स्टॉप कमी करावा. कृष्णधवल फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सहन करते, म्हणून तिच्यावर सावलीतल्या दगडाचा तपशील राखून पाणीही वाचते. पावसाळा सरल्यावरच्या गडद निळ्या आभाळासाठी पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावला की आभाळ काळवंडते आणि उपळी बुरुजाची कड उठून दिसते. महालाच्या आतल्या झरोक्यातून बाहेर पाहताना मात्र फिल्मचीही मर्यादा येते. तिथे सावली हवी की पाणी, हे बटण दाबण्याआधीच ठरवावे लागते.

तेरच्या विटांच्या मंदिराला सकाळचे तिरपे ऊन लागते. हजार-दीड हजार वर्षांच्या विटांची झीज दिसते ती सावल्यांमुळे; दुपारी वरून ऊन पडले की ती भिंत सपाट होते. अशा कामाला एफ ८ वर बंद केलेली कोणतीही जुनी लेन्स आजच्या लेन्सच्या तोडीची निघते. भोवरा आणि बुडबुडे हे उघड्या छिद्राचे खेळ आहेत, हे इथे नीट लक्षात येते.

रोल धुणे ऐकायला अवघड वाटते, पण कृष्णधवल रोल घरच्या न्हाणीघरात धुता येतो. पूर्ण अंधार लागतो तो फक्त फिल्म चकतीवर गुंडाळून टाकीत घालेपर्यंत. त्यासाठी काळी पिशवी मिळते. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या कणांवर प्रकाश पडला की त्यांत न दिसणारा बदल होतो. डेव्हलपर त्याच कणांची काळी चांदी करतो. मग स्टॉप बाथने ती क्रिया थांबवायची आणि फिक्सरने, म्हणजे स्टुडिओवाल्यांच्या भाषेत हायपोने, प्रकाश न लागलेले क्षार विरघळवून काढायचे. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये शोधला आणि त्यावरच फोटो टिकाऊ झाला.

इथे तापमान सांभाळणे हे मुख्य काम. कोडॅकचा डी ७६ हा १९२७ पासूनचा डेव्हलपर न पातळ करता वापरला, तर इलफर्डच्या एचपी ५ फिल्मला २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात. २४ अंशांवर तेच काम साडेपाच मिनिटांत होते. त्याहून गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की फिल्मवर डाग पडतात. धाराशिवला उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३० च्या वरच असते. कोरड्या हवेत यावर चांगला उपाय म्हणजे मातीचा माठ: रसायनांच्या बाटल्या माठातल्या गार पाण्याच्या बादलीत ठेवाव्यात, बाहेरून ओले फडके गुंडाळावे, कमी पडले तर बर्फ. डेव्हलपरमध्ये तेवढेच पाणी मिसळले तर २४ अंशांवर वेळ नऊ मिनिटांपर्यंत लांबतो आणि घाई होत नाही. सर्व रसायने आणि धुण्याचे पाणी एकाच तापमानाचे हवे. एकदम फरक पडला तर फिल्मवरचा थर आकसून जाळीसारख्या चिरा उमटतात.

पाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले गेले ते २०१६ साल शेजारच्या जिल्ह्यातले आहे. अशा भागात दहा-पंधरा मिनिटे नळ सोडून फिल्म धुणे योग्य नाही आणि त्याची गरजही नाही. इलफर्डच्या पद्धतीत फिक्सरनंतर टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटी करायची. पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. एका रोलच्या टाकीला सुमारे ३०० मिलिलिटर लागतात, म्हणजे सगळे मिळून एक लिटरच्या आत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात द्यावी.

रसायने मिळाली नाहीत तर स्वयंपाकघरातून डेव्हलपर बनतो. अमेरिकेत रॉचेस्टर येथे १९९५ मध्ये स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गाने कॉफीत फिल्म धुऊन दाखवली. प्रचलित प्रमाण असे: एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम, झटपट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांवर पंधरा मिनिटे. काम कॉफीतली आम्ले करतात, म्हणून चिकोरी मिसळलेली कॉफी चालत नाही, आणि खाण्याचा सोडाही चालत नाही. वास उग्र येतो, पण निगेटिव्ह खरी उमटते. शाळेतल्या मुलांना रसायनशास्त्र दाखवायला याहून चांगला प्रयोग क्वचितच सापडेल. फिक्सर मात्र विकतचाच लागतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते; तो विहिरीजवळ किंवा बागेत ओतू नये. बाटलीत साठवून, चालू असलेल्या लॅबकडे किंवा चांदी काढणाऱ्याकडे द्यावा.

सुकलेली निगेटिव्ह सहा-सहा चौकटींत कापून पारदर्शक कागदी पाकिटात ठेवतात. स्कॅनर नसला तरी चालते: पांढऱ्या उजेडाच्या फळीवर निगेटिव्ह ठेवून, जुन्याच मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोकस होणाऱ्या, लेन्सने डिजिटल कॅमेऱ्यातून तिचा फोटो घ्यायचा आणि संगणकात उलटा करायचा. याच पद्धतीने घरातल्या जुन्या पाकिटांतल्या निगेटिव्हही वाचवता येतात. क्लिक थ्रीची सहा बाय सहाची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या जवळपास चौपट क्षेत्रफळाची असते, त्यामुळे अल्बममधल्या छोट्या प्रिंटमध्ये न दिसलेले तपशील, मागच्या दुकानाची पाटी किंवा दारातल्या माणसाचा चेहरा, तिच्यात वाचता येण्याइतके स्पष्ट असू शकतात. निगेटिव्ह हाताळताना सुती हातमोजे घालावेत, धूळ ब्लोअरने उडवावी आणि चिकटलेल्या पट्ट्या जोर लावून सोडवू नयेत.